मुरघासाच्या पाच पिशव्या

चामोर्शीला दहा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन मी पशुसखी झाले, तेव्हा लग्नाला सहा वर्षं झाली होती. काम सोपं होतं. गावातल्या जनावरांच्या नोंदी ठेवायच्या, लसीकरणाच्या दिवशी डॉक्टरांसोबत फिरायचं, आणि कुणाचं जनावर आजारी पडलं की त्यांना फोन करायचा. प्रशिक्षण देणारे डॉक्टर तालुक्याच्या दवाखान्यातलेच होते. शेवटच्या दोन दिवसांत त्यांनी मुरघास करायला शिकवला.

आमच्याकडे धान. धान निघालं की तणीस, म्हणजे वाळलेला पेंढा, उरते आणि उन्हाळाभर जनावरं तीच चघळत बसतात. तिच्यात दम काही नसतो. फेब्रुवारी लागला की गायी आटतात, बरगड्या दिसायला लागतात. डॉक्टरांचं म्हणणं होतं की तणशीची कुट्टी करा, धुऱ्यावरचं, बांधावरचं हिरवं गवत तिच्यात मिसळा, गुळाच्या पाण्यात कल्चर कालवून शिंपडा आणि हवा राहणार नाही अशी दाबून पिशवीत भरा. दीड महिन्यात चारा आंबतो, मऊ होतो, जनावर आवडीने खातं. कल्चर म्हणजे पुडीतली पांढरट भुकटी. तिच्यात जिवंत जिवाणू असतात, ते चाऱ्याला आंबट करतात, आणि एकदा आंबटपणा आला की सडवणारे जिवाणू तिथे टिकत नाहीत. दुधाला विरजण लावतो तसंच, असं ते म्हणाले. विरजण म्हटल्यावर मला सगळं समजलं असं मला वाटलं.

मुरघासासाठी गावात पाच घरं तयार करायची होती. एक आमचं. दुसरं जावेचं, आमची आणि तिची भिंत एकच, चूल वेगळी. मोठ्या दिरांचा दिवस शेतात जायचा, जनावरांचा कोठा तीच बघायची. तिच्याकडे एक गाय होती, पाच महिन्यांची गाभण. तिसरं घर बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठावरच्या काकीचं. काकीकडे दोन म्हशी होत्या. तिचा नवरा झाडीपट्टीच्या नाटकांत पेटी वाजवायचा, त्यामुळे दिवाळी झाली की तो वडशाकडे निघून जाई आणि होळीच्या सुमाराला परते. हिवाळ्यात घर, म्हशी, धानाची चुरणी-मळणी सगळं काकीच्या अंगावर. उरलेली दोन घरं बचत गटातल्या बायकांची.

धान कापून झाल्यावर एका सकाळी आम्ही ग्रामपंचायतीच्या आवारात जमलो. तिथे कुट्टीचं मशीन होतं आणि नळही होता. मी घमेल्यात नळाचं पाणी ओतलं, गूळ विरघळवला, पुडी फोडून घातली आणि अर्धा तास तसंच ठेवलं, कारण जिवाणू जागे व्हायला तेवढा वेळ लागतो असं शिकवलं होतं. मग एकीने शिंपडायचं, दोघींनी पिशवीत उतरून पायांनी दाबायचं. आमची पिशवी, जावेची, गटातल्या दोघींची अशा चार भरून झाल्या. काकी म्हशीचं आवरून उशिरा आली. तोवर नळाचं पाणी गेलं होतं. मी म्हटलं, उद्या भरू. काकीला उद्या वेळ नव्हता. ती घरी गेली आणि तिच्या विहिरीच्या पाण्याच्या दोन गुंड्या भरून घेऊन आली. मला ते आवडलं नाही. विहीर जुनी, वर झाकण नाही, पानं पडलेली. शिकवताना स्वच्छ पाणी घ्या असं सांगितलं होतं. पण शेवटची पुडी तिच्यासाठीच राखलेली होती, म्हणून ती मी त्याच पाण्यात फोडली.

संक्रांत झाल्यावर पिशव्या उघडल्या. पहिली आमची. तोंड सोडलं तसा वास आला. आंबट नव्हता. कुबट, तुपाचं भांडं महिनाभर न धुता ठेवावं तसा, त्याला उलटीसारखी झाक. वरचा थर बुरसटलेला, खालचा काळपट आणि हाताला चिकटणारा. मी बुरशी काढून टाकली आणि टोपलीभर चारा बैलांपुढे ठेवला. दोन्ही बैलांनी हुंगला आणि तोंड फिरवलं. मी टोपली उचलून वाडीतल्या उकिरड्यावर पालथी केली.

हे मी कुणाला सांगितलं नाही.

दुपारी जावेने विचारलं, तिच्या पिशवीला कुबट वास येतो आहे, काय करायचं. मी म्हटलं, आंबवलेला चारा आहे, पहिल्यांदा वास येणारच. वरची बुरशी काढा, थोड्या कोंड्यात मिसळून द्या, सवय होईल. गटातल्या दोघींनाही तेच सांगितलं. पहिलंच काम होतं माझं. महिनाभर मी गावात मुरघास मुरघास करत फिरले होते. त्या दोघींनी बहुतेक चारा फेकूनच दिला, हे मला नंतर कळलं. जाऊ माझं ऐकणारी. तिने कोंडा घालून, वर मिठाचं पाणी शिंपडून, गायीला आठ दिवस चारला.

नवव्या दिवशी गायीने रवंथ बंद केला. अंगात ताप होता. त्यानंतर दोन दिवसांनी तिने वासरू टाकलं. डॉक्टर आले, त्यांनी इंजेक्शनं दिली, चारा हातात घेऊन पाहिला आणि लगेच बंद करायला सांगितला. बुरसट चाऱ्याने असं होऊ शकतं, दुसरंही कारण असू शकतं, तपासल्याशिवाय सांगता येत नाही, असं ते म्हणाले. जाऊ ऐकत होती. वासरू दिरांनी शेतात नेऊन पुरलं. गाय वाचली, पण त्या वर्षी तिचं दूध नव्हतं.

त्याच आठवड्यात काकीने पिशवी उघडली. मी भीतभीतच गेले. चारा पिवळसर हिरवा होता, मोकळा, आणि ताकात गूळ कालवावा तसा आंबूस गोड वास. म्हशींनी टोपलीचा तळ चाटला. गावात बोलणं सुरू झालं की काकीच्या हाताला गुण आहे. काहींनी तिने आत काहीतरी वेगळं घातलं असंही म्हटलं. मीही तिला विचारलं.

"मी काई नाई घातलं," ती म्हणाली. "तू सांगतलं तसंच केलं."

डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, चार पिशव्यांत हवा शिरली असेल. चारही पिशव्या मी स्वतः बांधल्या होत्या. त्या फाटल्या नव्हत्या, गाठीही सुटल्या नव्हत्या. मी घरकाम करताना तो दिवस पुन्हा पुन्हा मनात उलगडत राहिले. गवत तेच, मशीन तेच, गूळ एकाच दुकानातला. वेगळं होतं ते फक्त पाणी, आणि माझ्या मते चांगलं पाणी आमच्या चौघींचं होतं.

काही दिवसांनी नळाला पाणी येईना म्हणून चौकशीला गेले, तर पाणी सोडणारा माणूस टाकीवर उभा राहून बादलीतलं पांढरं पाणी आत ओतत होता. ब्लीचिंग पावडर. ती दर आठवड्याला पडते हे सगळ्यांना माहीत होतं. पाण्याला औषधाचा वास येतो, आम्ही ते कळशीत रात्रभर ठेवून मगच पितो. मी त्याला विचारलं, आम्ही पंचायतीत चारा भरला त्या दिवशीही टाकली होती का. त्याला दिवस आठवत होता, कारण आम्ही आवारभर कुट्टी सांडून ठेवली होती. आदल्या संध्याकाळी टाकी धुतली होती, म्हणाला. त्या दिवशी दुप्पट टाकली, आणि पाणी थोडंच चढलं होतं म्हणून दुपारीच संपलं.

मी घरी आले. काकीच्या पुडीतली थोडी भुकटी माझ्याकडे उरली होती. दोन बाटल्यांत गुळाचं पाणी केलं, एकीत त्या दिवशी उशिरा आलेलं नळाचं, दुसरीत काकीच्या विहिरीचं. दोन्हीत चिमूटभर भुकटी घातली आणि चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवल्या. तिसऱ्या दिवशी विहिरीच्या पाण्याची बाटली गढूळ आणि आंबट झाली होती. नळाच्या पाण्याची गोडच होती. रोगाचे जंतू मारायला घातलेल्या औषधाने माझे जिवाणूही मारले होते. ते अर्धा तास जागे होण्यासाठी ठेवले, तेवढ्यात मेले. पुढचा दीड महिना चाऱ्यात जे वाढलं ते दुसरंच होतं.

पहिल्यांदा हे काकीला सांगितलं. ती म्हशीखाली बसली होती, धार काढून होईपर्यंत तिने मान वर केली नाही. मी विचारलं, आता हे जावेला सांगू का. गाय तर गाभ टाकून बसली, सांगून परत काय येणार.

"सांगशील तं तुले ऐकून घ्या लागंल," काकी म्हणाली. "नाई सांगशील तं पुढच्या साली बाया तेच पाणी घेतील."

गटाच्या बैठकीत मी दोन्ही बाटल्या घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. बायकांनी बाटल्या हुंगल्या. एकीने विचारलं की मग आम्ही रोज हेच पाणी पितो ते कसं, त्यावर बराच वेळ गेला. दोष कुणाचा नव्हता, पाणी शुद्ध करणाऱ्याने त्याचं काम केलं होतं, मला शिकवणाऱ्या डॉक्टरांच्या सांगण्यातून पाण्याबद्दलचं एक वाक्य राहून गेलं होतं. मी तसं म्हटलंही. बोलताना मला हलकं वाटत होतं हे मला आठवतं.

जाऊ भिंतीला टेकून बसली होती. सगळ्या उठायला लागल्या तेव्हा तिने विचारलं, "तुमच्या बैलाईनं खाल्लं होतं का?"

मी म्हटलं, "नाही."

"तुले मालूम होतं तवा?"

"हो."

"मंग मले काऊन चारा म्हटलं?"

पाण्याचं कारण मला नंतर कळलं होतं, बैलांनी तोंड फिरवलेलं मी आधी पाहिलं होतं. तिने पदर सारखा केला आणि ती घरी गेली.

त्यानंतर भांडण झालं नाही. सणवार झाले, दिरांना ताप आला तेव्हा मी त्यांच्याकडे भाकरी टाकल्या, माझ्या मुलीच्या वाढदिवसाला तिने अनारसे दिले. फक्त कोठ्याबद्दल ती मला काही विचारत नसे. गायीला गोचीड झाले तरी डॉक्टरांना परस्पर फोन करायची. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी तिने मुरघास केला नाही. मी जिथे जाईन तिथे आधी पाणी विचारायला लागले. डॉक्टरांनीही प्रशिक्षणात ते वाक्य घातलं: विहिरीचं घ्या, नळाचंच असलं तर उघड्या घमेल्यात दोन दिवस उन्हात ठेवा. आणि वास वाईट आला तर मी तोंडावर सांगते की फेका. दोनदा माझ्या सांगण्यावरून पूर्ण पिशव्या फेकल्या गेल्या. त्या घरांनी पुन्हा मला बोलावलं नाही.

तिसऱ्या वर्षी जाऊ गवताचा भारा घेऊन काकीच्या अंगणात आली. आम्ही तिथेच भरत होतो. तिने पिशवी मागितली. विहिरीचं पाणी तिने स्वतः शेंदलं, गूळ स्वतः कालवला, आणि दाबायला मला आत उतरायला सांगितलं. आम्ही दोघी एकमेकींच्या खांद्याला धरून अर्धा तास पिशवीत नाचलो. काकी बाहेरून शिंपडत होती. बोलणं कामापुरतंच झालं. ती पिशवी चांगली निघाली. आता जाऊ दर साली चार भरते आणि त्यासाठी मला बोलवत नाही.

काकीचा नवरा गेल्या पावसाळ्यात वारला. तिची नजर कमी झाली होती, मुलगी तिला ब्रह्मपुरीला घेऊन गेली. जायच्या आधी काकीने एक म्हैस विकली आणि दुसरी आमच्या कोठ्यात आणून बांधली. तिला सांभाळायचं काम माझं, पण माझ्या हाताला ती पान्हा सोडत नाही. रोज सकाळी जाऊ आमच्याकडून चरवी घेऊन कोठ्यात जाते, धार काढते, आणि अर्धं दूध माझ्या ओट्यावर ठेवून बाकीचं घेऊन आपल्या चुलीकडे वळते.