डिस्कची टोपी

गल्लीत त्यांना सगळेच वहिनी म्हणतात. दीर म्हणतो म्हणून शेजारी म्हणू लागले, शेजारी म्हणतात म्हणून कापडवाला. एकदा चिडवायला खुद्द नवऱ्यानेच तशी हाक मारली. त्या दिवशी त्याला चहा मिळाला नाही.

वहिनी मशीनवर भरतकाम करतात. काय भरायचं ते मशीनला सांगणारा कॉम्प्युटर इतका म्हातारा, की चालू होताना कण्हतो. त्याच्या पोटातल्या डिस्कमध्ये वहिनींची सगळी नक्षी आहे. वेली, पाखरं, शाळांची बोधचिन्हं. एकेक टाका पडद्याला नाक लावून काढलेला. हे सगळं परत काढणं आता त्यांना जमणारं नव्हतं. नजर अधू झाली होती. बरेच दिवस त्या सुईत दोरासुद्धा बोटांच्या अंदाजाने ओवत होत्या आणि घरात कुणाला पत्ता लागू देत नव्हत्या. लागला असता तर सगळ्यांनी मिळून मशीन विकून टाकलं असतं, तेही प्रेमाने.

आणि आज दुपारी कॉम्प्युटर म्हणत होता, डिस्क नाहीच.

करणी धाकट्या दिरांची. भाऊजी पंखे दुरुस्त करतात, त्यामुळे जे जे फिरतं त्यावर आपला हक्क आहे अशी त्यांची समजूत. सकाळी वहिनी बाजारात गेल्याचं बघून त्यांनी डिस्क काढली आणि आपल्या घरच्या कॉम्प्युटरला नेऊन जोडली. नक्षीची नक्कल करून ठेवायची आणि वहिनींना चकित करायचं, असा बेत. पण त्या नव्या कॉम्प्युटरने विचारलं, "ही डिस्क पुसून कोरी करू का?" भाऊजींना घाम फुटला. ते डिस्क उचलून परत आले आणि ती पुन्हा जागेवर जोडली.

"चकित झाले मी," वहिनी म्हणाल्या. "पण तुम्ही 'हो' तर नाही ना दाबलंत?"

"छे छे." मग जरा थांबून, "बहुतेक नाही."

"बहुतेक?"

भाऊजींनी बटण दाबलं. कॉम्प्युटर कण्हला. काळ्या पडद्यावर पांढरी ओळ आली. "डिस्क सापडली नाही," त्यांनी पुन्हा वाचलं.

दारापाशी वहिनींचे यजमान शर्टाला इस्त्री करत होते. "पंख्यासारखं बोटाने ढकलून बघ रे," ते म्हणाले.

"दादा, तू इस्त्री कर."

"करतोय की. निदान माझी इस्त्री मला ओळखते तरी."

वहिनी हसल्या नाहीत. भाऊजी समजुतीच्या सुरात म्हणाले, "वहिनी, अगदी गेलंच सगळं, तरी तुम्ही परत काढाल. तुमच्या तर हातात आहे."

हातात होतंच, प्रश्न हाताचा नव्हता. त्यांनी कॉम्प्युटरच्या उघड्या डब्यात हात घातला आणि डिस्कवर तळवा ठेवला.

"फिरतेय ही. हाताला लागतंय."

"फिरतेय? म्हणजे जिवंत आहे, जोडण्यातच काही चुकलंय!" भाऊजींनी झटकन कॉम्प्युटर बंद केला आणि डिस्क ओढून पाठीमागून न्याहाळली. उघडे पडलेले बारीक खिळे दिसले आणि त्यांचा चेहरा पडला. "टोपी!"

"कसली टोपी?"

"ह्या खिळ्यांवर बसते, इवलीशी. तारांच्या एकाच पट्टीवर ही डिस्क आणि ते सीडीचं यंत्र. त्यात थोरलं कोण, धाकटं कोण, हे टोपी ठरवते. माझ्याकडे हिला धाकटी करायची होती म्हणून निघतानाच काढली. आता इथे दोन्ही धाकटेच."

"दोघं धाकटे म्हणजे घर बुडालंच," यजमान म्हणाले.

"ठेवलीत कुठे?" वहिनींनी विचारलं.

"इथेच, टेबलावर. काळी, तांदळाच्या दाण्याएवढी."

"बाजारातून आल्यावर मी टेबल पुसलं."

शर्ट करपल्याचा वास आला तेव्हा कुठे यजमानांनी इस्त्री उचलली.

पण वहिनींच्या टेबलावरचं बारीकसारीक काही केरात जात नाही. हाताला लागेल ते बटणांच्या डब्यात पडतं. त्यांनी डबा पांढऱ्या कापडावर उपडा केला. ढीग झाला. भाऊजींनी वाकून बघितलं आणि हताश होऊन म्हणाले, "सगळीच काळी! थांबा, बॅटरी आणतो."

वहिनींनी डोळे मिटले. बोटं ढिगातून हळूहळू फिरू लागली. बटण. बटण. हूक. तुटकं बटण. यजमान इस्त्री सोडून जवळ आले आणि ढिगाऐवजी बायकोच्या तोंडाकडे बघत राहिले.

"हे चौकोनी आहे," वहिनी म्हणाल्या. "दोन भोकं, पण आरपार नाहीत."

भाऊजींनी ती चिमटीत जपून घेतली, डिस्कवरच्या खुणा बघत टोपी बसवली, तारा जोडल्या. बटण दाबलं. कण्हणं. मग नुसती घरघर. वहिनींनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

पडद्यावर अक्षरं उमटली, चांगली ठसठशीत. वहिनी समोरच उभ्या होत्या.

"काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

भाऊजींनी दादाकडे पाहिलं. यजमानांनी मान हलवली, वाच म्हणून.

"सापडली," भाऊजी म्हणाले. मग यादी उघडली आणि न सांगताच ते मोठ्याने वाचू लागले. "वेल, मोठी. वेल, लहान. पाखरू, डावीकडे बघणारं..."

वहिनी शेवटच्या नावापर्यंत ऐकत राहिल्या. मग खुर्चीत बसल्या. "मशीन विकायचं नाही," त्या एकदम म्हणाल्या.

"विकतंय कोण?" यजमान म्हणाले. त्यांनी सुई आणि दोरा उचलला, उजेडाकडे धरला आणि दोन-तीनदा चुकून अखेर ओवला. "दोरा मी ओवून देत जाईन, वहिनी."

"आज चहा नाही हं तुम्हाला," वहिनी म्हणाल्या, आणि पदराने चष्मा पुसत बसल्या.

"नक्कल करून ठेवू का?" भाऊजींनी चाचरत विचारलं.

"ठेवा. पण माझ्यासमोर. टोपी माझ्या हातात देऊन."