जाळीवरची कानबाई

देवपुरातल्या शाळेत मी चित्रकला शिकवायचो. आमच्या गल्लीतलं पावसाळी गटार थेट पांझरा नदीत उतरतं, आणि त्याच्या जाळीत लोक काय काय टाकत! गाडीचं काळं ऑईल, रंगाचे डबे, गुटख्याच्या पुड्या. जाळी तुंबली की पाणी सरळ खालच्या टोकाला, अक्कांच्या घरात. अक्का म्हाताऱ्या, एकट्या राहायच्या. यंदा पुन्हा पाणी शिरलं तर मुलगी त्यांना साक्रीला नेणार होती. अक्कांना मात्र याच घरात डोळे मिटायचे होते.

मी जाळीभोवती मासे रंगवले. 'इथे टाकाल ते पांझरेत जाईल' असं लिहिलं. लोकांनी माशांवरच पिंका मारल्या. माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, थांबा लेकांनो, आता बघतो कोण थुंकतं ते! जाळीच्या वर, भिंतीवर, मी कानबाई काढली. श्रावणात आमच्याकडे घरोघर बसते तीच देवी. नारळाचा मुखवटा, मोठे डोळे, नाकात नथ.

दुसऱ्या दिवसापासून कचरा बंद. आठ दिवस मी मिशीला पीळ देत फिरलो.

मग भिंतीवर हळदकुंकवाची बोटं उमटली. मग फुलं आली. श्रावणात तर बायकांनी घरचं निर्माल्य, नारळाच्या शेंड्या, प्लास्टिकच्या माळा तिच्यासमोर, म्हणजे नेमक्या जाळीवर, आणून ठेवल्या. उचलायला गेलो की अंगावर येत. "मास्तर, तुम्हीच बसवली ना तिला?" कपाळ माझं! देवीसमोरचं कोण उपसू देणार, एवढं साधं मला सुचू नये?

एका दुपारी पाऊस कोसळला आणि अक्कांच्या घरात गुडघाभर पाणी झालं. मी लोखंडी ब्रश घेऊन भिंतीकडे धावलो. चित्र गेलं तर ढीग तरी थांबेल. ओल्या लुगड्यानिशी अक्का मागून आल्या आणि त्यांनी माझा हात धरला.

"घर जाऊ दे, भाऊ. पन तिना तोंडले हात लाऊ नको."

मला रडूच फुटलं.

चार दिवसांनी मुलगी टेम्पो घेऊन आली. निघताना अक्कांनी जाळीवरच ओटी भरली. खण, तांदूळ, नारळ. मी शेजारी उभा होतो, अडवायची छाती झाली नाही. टेम्पोत चढता चढता त्या वळून म्हणाल्या, "भाऊ, कानबाई मातर तू झकास काढी."