ड्रेसरबाईंची किळस

ड्रेसरबाईंना जगातल्या निम्म्या गोष्टींची किळस यायची. ओलं फडकं, दुसऱ्याच्या कंगव्यात अडकलेले केस, कपाच्या कडेवर राहिलेला ओठांचा ठसा. घरात त्यांचा कप वेगळा होता आणि तो चुकून कोणी वापरला, तर त्या दिवशी बाई चहाच घ्यायच्या नाहीत. सून म्हणायची, सासूबाईंना माणसांपेक्षा भांडी आवडतात, निदान ती घासता तरी येतात. आणि अशा या बाईंनी उभी हयात काढली होती ती सरकारी दवाखान्यातल्या ड्रेसिंगच्या खोलीत, पू पुसण्यात आणि मेलेलं मांस चिमट्याने सोडवण्यात.

निवृत्त झाल्यावरही त्यांची सुटका झाली नाही. चर्चच्या मंडळीत कोणाचं ऑपरेशन झालं, कोणाच्या म्हातारीला पाठीवर जखमा झाल्या, की बाईंना निरोप यायचा आणि बाई पिशवी उचलून निघायच्या. लोकांना वाटायचं, इतक्या वर्षांत यांचं नाक मेलं असणार. ते मेलं तर नव्हतंच, उलट जास्तच तिखट झालं होतं. आत पाऊल टाकण्याआधी त्या उंबऱ्याशी उभ्या राहून प्रार्थना करायच्या : "प्रभू, प्रेम नंतर दे, आधी पोट जागेवर ठेव." ही प्रार्थना मागच्या पाळकांच्या कानावर गेली, तेव्हा जरा शोभेल अशा शब्दांत मागावं, असं त्यांनी सुचवलं होतं. बाईंनी मान डोलावली आणि प्रार्थना होती तशीच ठेवली.

पण पू परवडला, असं त्यांना वाटायला लावणारी एक गोष्ट होती, ती म्हणजे मंडळीतलं गोडगोड बोलणं. इथे कोणी कोणाला खरं म्हणून सांगायचं नाही. सगळं "छान", सगळं "प्रभूची कृपा". महिला मंडळाच्या अध्यक्षबाई तर इतकं मऊ बोलायच्या, की त्यांच्याशी दोन शब्द झाले की हात धुवावेत, असं बाईंना वाटायचं.

ऑर्गनमास्तरांचं प्रकरण तिथूनच सुरू झालं. मास्तरांनी आयुष्यभर चर्चमध्ये ऑर्गन वाजवला होता. बायको गेल्यावर ते शिंप्याच्या दुकानामागच्या एका खोलीत एकटेच राहत. माणूस महा खवट. सूर चुकला की भर उपासनेत वाजवणं थांबवून चुकणाऱ्याकडे रोखून बघायचे. डोळे अधू झाल्यावर ऑर्गन दुसऱ्याकडे गेला, पण पुढच्या बाकावरची जागा त्यांनी सोडली नव्हती. त्यांना शुगर होती आणि ती सांभाळण्याच्या नावाने शंख होता.

एका रविवारी बाईंना तो वास आला. फुलांचा, मेणबत्त्यांचा आणि अत्तरांचा वास बाजूला सारून तो थेट त्यांच्या नाकात शिरला आणि त्यांनी ओळखला. कोणाचा तरी पाय सडत होता. उपासना संपल्यावर त्या मास्तरांजवळ गेल्या आणि बूट काढून पाय दाखवा म्हणाल्या. मास्तर उखडले, तुझ्या दवाखान्यात नाही बसलो मी, म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले.

मग बाई अध्यक्षबाईंकडे गेल्या. मास्तर तुमचं ऐकतात, त्यांना स्पष्ट सांगा की पायाला घाण येते आहे, आजच्या आज डॉक्टरकडे जा. अध्यक्षबाई कळवळल्या. असं तोंडावर कसं सांगायचं, आपण ख्रिस्ती माणसं, बिचाऱ्यांच्या मनाला किती लागेल, मी सांगते गोडीगुलाबीने. त्यांची गोडीगुलाबी म्हणजे रंगीत कागदात बांधलेली वासाच्या साबणाची वडी, पावडरचा डबा आणि एक आठवण : येत्या गुरुवारी पाय धुण्याच्या विधीला तुम्हाला मान आहे, तेव्हा पाय छान स्वच्छ करून या.

हा विधी म्हणजे या मंडळीचा मोठा सोहळा. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी, येशूने आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले म्हणून, बारा जणांना पुढे खुर्च्यांवर बसवायचं आणि पाळकांनी गुडघे टेकून त्यांचे पाय धुवायचे. निवडलेले बारा जण चार दिवस आधीपासून टाचा घासायचे, नखं कापायचे, कोणी क्रीम चोपडायचं, नवे मोजे घालून यायचं. पाळकांना लाज वाटू नये, एवढे ते पाय चकचकीत असायचे. धुतलेले पाय धुवायला पाळक कशाला हवेत, असं बाईंनी एकदा बैठकीत विचारलं होतं, तेव्हा लोक हसले आणि पुढचा विषय घेतला.

त्या गुरुवारी सर्वांत वडील म्हणून मास्तर शेवटच्या खुर्चीवर होते. पाळक नवे होते, तरुण होते, मनापासून करत होते. अकरा जण झाले. बाराव्याचा मोजा त्यांनी ओढला आणि मोज्याबरोबर कातडीही आली.

मास्तरांनी साबणाचा निरोप मनावर घेतला होता. वास जावा म्हणून बादलीभर कढत पाण्यात साबण कालवून, पाय त्यात बुडवून ते बसून राहिले होते. शुगरने त्या पायाची जाणीव कधीच गेली होती. पाणी किती कढत आहे, हे पायाला कळलंच नाही. करंगळीपाशी जुनी काळी जखम, तिच्याभोवती भाजून सुटलेलं कातडं आणि त्यावर थापलेली पावडर. वास पहिल्या तीन बाकांवर पसरला. रुमाल निघाले. अध्यक्षबाईंनी प्रसंगावधान राखलं, म्हणजे मोठ्याने गाणं सुरू केलं. पाळक पांढरेफटक पडले होते, तरी त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं.

बाई मधल्या वाटेने चालत आल्या. "ते पाणी त्या पायाला लावायचं नाही," त्या म्हणाल्या. "अकरा जणांचे पाय धुतलेत त्यात. गाडी बोलवा."

दवाखान्यापर्यंत मास्तर त्यांना शिव्या घालत होते. चारचौघांत माझा तमाशा केलास, म्हणत होते. बाईंनी खिडकीची काच खाली केली होती आणि नाक बाहेर काढून बसल्या होत्या.

सर्जनने दोन बोटं काढली आणि पुढचं रोखठोक सांगितलं. रोज दोन वेळा नीट ड्रेसिंग झालं आणि काळं वर चढलं नाही, तर पाय राहील. चढलं, तर गुडघ्याखाली कापावा लागेल. मास्तर म्हणाले, कापायचा असेल तर मला मरू द्या, मी कोणाच्या हाताला धरून हागायला-मुतायला जाणार नाही.

अशा रीतीने तो पाय बाईंच्या गळ्यात पडला. मास्तरांच्या खोलीत शिरताना त्यांना रोज ती प्रार्थना दोनदा म्हणावी लागायची. मळकट चादर, खाटेखाली थुंकीचा डबा, उष्ट्या ताटलीवर माश्या. मंडळीची माणसं भेटायला यायची, उंबऱ्याबाहेर उभी राहून डोळे मिटून प्रार्थना करायची आणि बहुधा श्वासही रोखून धरायची, कारण आमेन झालं की सगळ्यांचा मोठा सुस्कारा ऐकू यायचा. शुगरच्या माणसाला त्यांनी द्राक्षं आणली आणि रिबन बांधलेला केक आणला. तो केक बाईंनी त्यांच्या देखत कचऱ्यात टाकला.

अडचण अशी, की टाचेखालीही जखम होती. कोणीतरी पाय उचलून धरल्याशिवाय ती साफ होत नव्हती. सुनेने हात जोडले. अध्यक्षबाईंनी प्रार्थनेत आठवण ठेवते म्हणून सांगितलं. शेवटी बाई पाळकांकडे गेल्या आणि गुरुवारचा एक पाय तुमच्याकडे बाकी आहे, म्हणाल्या.

पाळक आले. पट्टी सुटली तशी ते उठून गटाराकडे धावले आणि भडाभडा ओकले. मास्तरांनी भिंतीकडे तोंड केलं. पाळक तोंड पुसत परत आले आणि माफी मागू लागले, तेव्हा बाईंनी वर न बघता सांगितलं, "झालं असेल तर हात धुवा आणि टाच धरा." त्यांनी धरली. दुसऱ्या दिवशीही ते ओकले आणि दुसऱ्या दिवशीही त्यांनी टाच धरली. तिसऱ्या दिवशी ते उपाशीपोटी आले. हा उपवास म्हणायचा की शहाणपण, ते बाईंनी विचारलं नाही.

परतताना रस्त्यात पाळकांनी कबूल केलं, की देवाने एखादं काम सांगितलं की त्याची किळस आपोआप जाते, असं त्यांना वाटायचं.

"माझी नाही गेली," बाई म्हणाल्या. "तुमची गेली तर मला कळवा."

एकदा पट्टी बांधून होत आली असताना मास्तरांनी विचारलं, "तुला माझी किळस येत नाही का गं?"

"येते."

"आज पण?"

"आज जास्त. तुम्ही आंघोळ केलेली नाही."

 मास्तर छताकडे बघत म्हणाले, "वास मला येत होता. आधी घरात यायचा, मग चर्चमध्ये. अध्यक्षबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, छे, कुठे काय? शेजारी बसणाऱ्याला विचारलं, तोही नाही म्हणाला. ज्याला विचारावं तो नाही म्हणे. मला वाटलं, माझंच डोकं फिरलं. तू म्हणालीस तर तुझा राग आला, एकटी तूच कशी म्हणतेस? मग तो साबण आला, तेव्हा कळलं की सगळ्यांना येतो."

बाईंनी हातातली कात्री खाली ठेवली. आजवर पाहिलेल्या सगळ्या जखमांपेक्षा त्यांना त्या साबणाची जास्त किळस आली. त्यांनी पाणी तापवलं, हात घालून पाहिलं आणि मास्तरांची पाठ पुसून काढली.

काळं चढलं नाही. टाचेतला खड्डा तळापासून लाल मांसाने भरत आला. शेवटच्या तपासणीला सर्जन म्हणाले, पाय राहिला. मास्तरांनी त्यावरही, दोन बोटं तर खाल्लीतच, असं ऐकवलं.

अध्यक्षबाईंनी लगेच आभाराची उपासना ठरवली. मंडळीच्या प्रेमाने मास्तरांना कसं उभं केलं, याची साक्ष मास्तरांनी द्यायची होती. फुलं आणली, पुढे खुर्ची मांडली. बाई मागच्या बाकावर बसल्या, कारण पुढे अत्तरं फार होती. अध्यक्षबाईंनी सगळ्यांच्या वतीने सांगितलं, की मास्तर आम्हाला वडिलांसारखे आहेत, आम्हाला त्यांचं कधी काही वाटलं नाही.

मास्तर काठी धरून उठले. पाळक आधार द्यायला पुढे झाले, त्यांना त्यांनी हातानेच थांबवलं.

"मागे ती ड्रेसरबाई बसली आहे," ते म्हणाले. "तिला माझी किळस येते. ती मला तसं तोंडावर सांगते. या पाळकांनाही येते, ते तर माझ्या दारात ओकले आहेत. ही दोघं रोज दोन वेळा आली. तुम्ही बाकीचे म्हणता, तुम्हाला माझी किळस कधीच आली नाही." ते थोडे थांबले, सूर चुकल्यावर बघायचे तसे एकेका बाकाकडे बघत. "मग तुम्ही आत का नाही आलात?"

 मास्तर खाली बसले आणि त्यांनी पाय समोर लांब केला, पट्टीसकट.