कुठं झालं, तेवढं सांग

हातात खुरपं तसंच हुतं, ते मला ध्यानातच न्हाई आलं. मी हळदीत भांगलत हुते, फोन वाजला, शाळेतनं बाई म्हणल्या, "मुक्ताची आई का? मुक्ता घरी आलीय का हो? जेवणाच्या सुट्टीपास्नं दिसंना झालीय." एवढं ऐकलं आन पळाले. चपला बांधावरच राहिल्या. डोक्यात एकच, शाळेच्या मागं हीर हाय, बिनकठड्याची, आन माझी पोरगी आठ वर्सांची, तिसरीत.

शाळेत शिरले तर मैदानात चार-पाच पोरी हुत्या. मला बघून एकीनं नाक दाबलं आन दुसरी म्हणली, "ब्यांऽ". हळूच म्हणली, पण मला ऐकू आलं. आमी म्हसवडकडची मेंढरं राखणारी माणसं. आमचं हे कोंबडीखाद्याची गाडी चालवत्यात, म्हणून त्याच्या दोन वर्सं आधी आष्ट्याला आलो हुतो. त्या 'ब्यां'चा अर्थ मला कुणी सांगाय नको हुता. मी त्या पोरीची येणी धरली. एका हातात येणी, दुसऱ्या हातात खुरपं. "माझी पोरगी कुठाय? बोल!" पोरगी पांढरी फट पडली, आन सगळी शाळा खिडक्यांतनं बघत हुती.

तवा मागनं आवाज आला, "आण गं ते हिकडं. मला चुलीतली राख वढाय पायजेच हुतं."

आन माझ्या हातातनं खुरपं काढून घेतलं. असं, जसं कुणी शेजारणीकडनं चमचा मागून घेतंय. येणी आपोआप सुटली. सुंदराआक्का मला पयल्यांदा भेटली ती अशी.

शाळेत पोरांचा भात शिजवायची ती. बुटकी, गुडघ्यात वाकलेली, कोपरापत्तूर राख. जतकडची, कर्नाटकाच्या शिवेवरली, म्हणून बोलताना मधी मधी कानडी यायचं. आपल्यापरीस धाकट्या बाईला 'तंगी' म्हणायची, म्हंजे कानडीत धाकटी भण, आन पोरींना 'यव्वा'. तिची एक सवय हुती, कोण बी रडत, भांडत, पळत आलं की आधी हातात पाण्याचा तांब्या द्यायची. बोलाय लागलं की हात वर करायची. "तांब्या खाली झाल्याबिगर मी काय ऐकत न्हाई. माझं कान उघडत न्हाईत." हेडसर एकदा तांदूळ कमी आला म्हणून वरडत आले, तर त्यास्नी बी तिनं तांब्या दिला. सर निम्मा प्याले आन काय वरडायचं ते इसरले.

मला बी दिला. मी म्हणलं, "आवं आक्का, माझी पोरगी…"

"पी आधी. पोरगी हाय."

तांदळाच्या पोत्यांमागं बसली हुती मुक्ता. गुडघ्यात तोंड घालून. तिच्या ताटात भातावर कुणीतरी गवत टाकलं हुतं. "खा मेंढरा, तुजं जेवाण," म्हणून. ती ताट घेऊन आक्काच्या सैपाकखोलीत येऊन लपली, आन आक्का पातेली घासाय मागल्या दारी हुती, तिला बी लगेच कळलं न्हाई. मी तिला मिठीत घ्याय गेले तर ती मागं सरली. माझ्याकडं नव्हं, माझ्या मोकळ्या हाताकडं बघत हुती. तिनं दारातनं सगळं बघितलं हुतं. गवतापरीस जास्ती तिला माझं भ्या वाटलं.

त्या दिवसापास्नं मुक्ता बोलंना. हूं न्हाई का चूं न्हाई. ह्यांना फोन केला तर हे गाडी चालवता चालवता म्हणले, "तिला सांग, एक दिली तर दोन दे. माझी पोरगी हाय ती." मी अंगणात तिला शिकवलं, मूठ आवळ, अशी मार. तिनं मूठ आवळली, मारली न्हाई, आन सकाळी हातरूण वलं. मग मी ठरवलं, शाळा बंद. म्हसवडला आईकडं धाडून द्यायची.

दाखला मागाय गेले तर आक्का तांदळातलं खडं निवडत बसली हुती. तांब्या झाला. मग म्हणली, "तुजी शाळा कितवीला सुटली, तंगी?"

"सहावीला."

"घरात अडचण हुती?"

मी मान हलवली, न्हाई म्हणून. कुणालाच सांगितलं नव्हतं, ह्यांनाबी न्हाई. वर्गातली पोरं माझ्या अंगाला मेंढरांचा वास येतोय म्हणायची. मी आईला सांगितलं, आई म्हणली, मग नको जाऊस. दुसऱ्या दिवसापास्नं मी मेंढरांमागं. आई वाईट नव्हती, तिला लेकरू रडताना बघवलं न्हाई एवढंच.

"बस," आक्का म्हणली. "माझ्यासंगं खडं निवड. दाखला काय पळून जात न्हाई. रोज शाळा भरायच्या आधी पोरीला घेऊन ये, अर्धा तास."

आता आक्का लय शाणी हुती, असं तुमास्नी वाटंल. पण तिनं पयल्यांदा जे केलं ते चुकलं, आन त्यात माझी बी मान डुलली. ती म्हणली, "आपल्यात एडके टकरा घ्याय लागले की काय करतो गं?" मी म्हणलं, "वाघुरीत कोंडतो." वाघूर म्हंजे मेंढरं कोंडायची जाळी. दोन एडके दाटीत कोंडले की त्यास्नी मागं सरकाय जागा ऱ्हात न्हाई, आन मागं सरकल्याबिगर टक्कर बसत न्हाई. दोन दिसांत एकमेकाच्या अंगाला टेकून निजत्यात. आमी दोघी मेंढरातल्या, दोघींना ते लगेच पटलं.

मग आक्कानं बाईंना सांगून मुक्ताला आन त्या येणीवाल्या पोरीला, स्वरा तिचं नाव, जेवाय शेजारी शेजारी बसवलं. मांडीला मांडी लावून. स्वरा हसायची, मुक्ताच्या ताटात लोणचं वाढायची. बाई खुश, आक्का खुश, मी खुश. चवथ्या दिवशी मुक्ताला आंगुळ घालताना बघते तर उजव्या मांडीवर काळंनिळं. वळीनं चिमटं. वरनं लोणचं आन खालनं चिमटा.

मी पळतच जाऊन आक्काला सांगितलं. तिची पळी हातात तशीच. भात खाली लागला, वास सुटला, तरी तिला कळलं न्हाई. तिचा भात लागलेला मी तेवढाच एकदा बघितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्ता आल्या आल्या आक्का खाली बसली. गुडघं दुखायचं तिचं, बसताना 'यव्वा यव्वा' करायची, तरी बसली, पोरीच्या डोळ्याला डोळा येईल अशी. म्हणली, "यव्वा, चुकलं माझं. मेंढराचं मेंढराला, पोरींचं पोरींना. तुला इचारल्याबिगर मी तुला तिथं कोंडली. आता न्हाई कोंडणार."

माझ्या जन्मात मी मोठ्या माणसाला लेकराची माफी मागताना बघितलं नव्हतं. मुक्तानं बी नसंल. ती आक्काकडं बघतच राहिली. मग आक्का परत खडं निवडाय लागली, तिच्याकडं न बघता म्हणली, "कुणी केलं, ते मला नको सांगूस. कुठं झालं, तेवढं सांग."

मुक्तानं ताटलीतला एक खडा उचलून बाजूला ठेवला. "नळापाशी. ताट धुताना." दुसरा खडा. "मुतारीच्या मागं." तिसरा. "वर्गात बसायच्या पट्टीवर शेवटाला बसले की." आठ दिसांनी माझ्या पोरीचा आवाज ऐकला मी. पदर तोंडात घातला, हुंदका निघू नये म्हणून.

पोरगी वर्गात गेल्यावर आक्का मला म्हणली, "नाव सांगाय पोर भितंय. आपुन नाव सांगितलं तर उद्या काय हुईल, ह्याचं त्याला भ्या. जागा सांगाय भीत न्हाई. आन जागेला आपल्याला जाऊन हुबं ऱ्हाता येतंय."

आन ती राहिली की. पातेली मागल्या दारी घासायची ती नळापाशी आणून घासाय लागली. कोण 'ब्यां' म्हणलं की मान वर न करता म्हणायची, "कोण गं ती? मेंढरू असंल तर हिकडं ये, लोकर कातरायची हाय." पोरी हसायच्या, पण ज्या पोरीनं 'ब्यां' म्हणलं तिच्यावर. मुतारीचं आन पट्टीचं मात्र सरांनाच सांगाय पायजे हुतं, आन ते मला सांगाय लावलं. मी म्हणलं, मला बोलाय येत न्हाई सरांफुडं. "सर काय वाघ हाय? चष्मा लावतोय तो. तक्रार नको करूस. कुठं, कवा, एवढंच सांग." मी गेले, दाराच्या चौकटीला धरून तीन जागा सांगितल्या, तीन येळा सांगितल्या. सरांनी वहीत लिवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सुट्टीत मुतारीकडं एक बाई फिरताना दिसल्या, आन मुक्ताची जागा पट्टीच्या मधी.

मला वाटलं, झालं आता. तर आक्का म्हणली, "खुरप्याचं राहिलं की."

स्वराच्या घरी जाऊन माफी मागायची. मी म्हणलं, "मी? माझ्या पोरीच्या ताटात गवत टाकलं तिनं!" आक्का म्हणली, "त्याचं ती बघंल, तिची आई बघंल. तुजं तू बघ. एका लेकराफुडं तू खुरपं घेऊन हुबी राहिलीस. तुज्या पोरीनं ते बघितलंय. ती तुला इसरू देणार न्हाई." संगं चला म्हणलं तर, "चूक तुजी, पाय तुजं. मी माझी मागितली."

मुक्ताला घेऊन गेले. उसाच्या रानातलं मोठं घर, बाप मिल्ट्रीत, वर्सातनं एकदा येणारा. स्वराची आई फाटकातच वरडाय लागली, "आमच्या पोरीला कापाय निघालीवतीस की गं! आता काय आणलंयस, कोयता?" लय बोलली. मुक्तानं माझा हात घट्ट धरला. स्वरा दाराआड. मी तिच्या आईशी न्हाई बोलले, पोरीलाच म्हणलं, "बाळा, मी चुकले. तुला तसं धराय नको हुतं." तिच्या आईनं वरडायचं सोडलं, पोरीकडं वळून इचारलं, "ही कशापायी आलीवती गं शाळेत पळत? काय झालंवतं?" आन स्वरा रडाय लागली.

दोघी मैतरणी झाल्या का? न्हाई. पण ताटात परत गवत पडलं न्हाई, आन त्या वाटंनं परत येताना मुक्ता बोलत हुती. घरापत्तूर बोलत हुती. मधीच म्हणली, "आई, तू भ्यालीवतीस का गं?" मी म्हणलं, "लय." ती म्हणली, "मी बी."

आक्का फुडं दीड वर्स हुती. मग भात बाहेरनं गाडीनं याय लागला, चूल बंद झाली, ती जतला ल्योकाकडं गेली. जायच्या दिवशी माझं खुरपं आणून दिलं. राख वढून वढून पातं झिजलेलं. मी तर इसरूनच गेलते. म्हणली, "तुजं तुज्याजवळ दिलं. आता भ्या न्हाई मला." एस्टीत बसताना 'यव्वा यव्वा' करत चढली. गेल्या उन्हाळ्यात गेली ती. मला कळलं तवा दहावा बी होऊन गेला हुता.

हे सगळं आज सांगाय बसले त्याला कारण हाय. मुक्ता आता सहावीत, मोठ्या शाळेत. मी सोडली त्याच वर्गात. आज शाळेतनं आली. दप्तर ठेवलं, बसली. मी तांब्या दिला. प्याली. म्हणली, "आई, आमच्यात एक नवी पोरगी आलीय. तोतरी बोलतीया. तिची नक्कल करत्यात पोरी."

माझ्या तोंडात आलंच, "कुठं?"

"वर्गाच्या दारात. रोज." मग खाली बघून म्हणली, "मी बी हुते. आज मी बी केली."

माझा हात उठला हुता. खरं सांगते, उठला हुता. माझी पोरगी, जिच्या ताटात गवत पडलं ती. मग कोनाड्यातल्या त्या झिजक्या खुरप्याकडं नजर गेली आन हात खाली आला. पण फुडं काय, ते मला सुदरंना. आक्का असती तर फोन केला असता. तिनं मुक्तालाच त्या पोरीच्या दारात धाडलं असतं, का मला म्हणली असती, तू बी जा? का आधी त्या पोरीला इचार म्हणली असती, तुमी आलेलं चालंल का म्हणून? मुक्ता अजून तिथंच बसलीया, रिकामा तांब्या मांडीवर घेऊन, माझ्या तोंडाकडं बघत.

तुमी काय केलं असतं?