लाल-पिवळं ऑनिंग आणि कुरुंदवाडचे नऊ पाहुणे

आमची गाडी ठेवायची की विकायची, हे ठरवायला आम्ही दोघं फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी कोल्हापुरातून निघालो. सोमवारी पेठ वडगावचा एक भाजीचा व्यापारी गाडी बघायला येणार होता. त्याला हो म्हणायचं की तसंच परत पाठवायचं, याचा निकाल या दोन दिवसांत लागणार होता. निकाल देणार होती माझी बायको सुनंदा, आणि ती कुणाच्या वशिल्याला भीक घालत नाही.

आधी गाडीबद्दल सांगतो. पूर्वी शाळेची मुलं ने-आण करणारी ही व्हॅन मी निवृत्तीनंतर घेतली. तीस वर्षं आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवला, त्यामुळे पलंग, शेगडी, पाण्याची टाकी सगळं स्वतःच्या हातानं बसवलं. आठ महिने गेले त्यात. डोळ्यांपुढे एकच चित्र होतं: नदीचा काठ, हातात चहा आणि आसपास चिटपाखरू नाही. वर्कशॉपमध्ये आयुष्यभर एका वेळी चाळीस कानशींची खरखर ऐकलेल्या माणसाला शांततेची किती हाव सुटते, हे इतरांना कळायचं नाही.

सुनंदाचं नेमकं उलटं. दाराच्या पायरीवर बसून गल्लीतल्या चार जणींशी बोलल्याशिवाय तिची संध्याकाळ होत नाही. पहिल्या सहलीला आम्ही राधानगरीकडे गेलो. भर दुपारी उघड्या माळावर गाडी लावली. जवळपास एकही झाड नव्हतं. मी बाहेर फिरत "काय निसर्ग आहे!" म्हणत होतो आणि ती आत पत्र्याच्या तापलेल्या खोलीत वहीनं वारा घेत होती. तासाभरानं ती म्हणाली, "अहो, मी काय बरणीत घातलेलं लोणचं हाय व्हय? ना वारं, ना माणूस. विका ही गाडी."

त्यानंतर महिनाभर मी तिची मनधरणी केली. शेवटी तिनं एक सवलत दिली. "बसायला सावली करा. मग एकदा येतो मी. न्हाय जमलं तर वडगावच्या पावण्याला द्यायची." (आमच्याकडच्या बायका "येते" म्हणत नाहीत, "येतो" म्हणतात. बाहेरगावच्या वाचकांनी दचकू नये.)

सावली म्हणजे ऑनिंग. गाडीच्या बाजूला लावायचं, हवं तेव्हा उघडायचं आणि गुंडाळून ठेवायचं कापडी छत. तुम्ही ते घ्यायच्या विचारात असाल तर माझे हाल वाचून घ्या. डब्यातून ओढून काढायचं तयार ऑनिंग दिसायला झकास असतं, पण त्याच्या किमतीत एक बरी जुनी मोटारसायकल येते. रोपवाटिकेवरची हिरवी जाळी स्वस्त, पण तिच्यातून ऊन गाळून का होईना अंगावर येतंच. प्लॅस्टिकची ताडपत्री वाऱ्यात इतकी फडफडते की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं, आणि खाली उकडतं ते वेगळंच. मी चौथा मार्ग धरला. छताच्या कडेला अल्युमिनियमची एक पोकळ पट्टी बसवली. कापडाच्या काठात दोरी शिवून घ्यायची, तो काठ पट्टीत सरकवायचा आणि पुढची बाजू दोन पाइपांवर उभी करायची. पाइप मी घरीच केले होते, लांबी कमीजास्त करता येईल असे. माप दहा फूट बाय आठ. दोन खुर्च्या, एक टेबल आणि शेगडी एवढं त्याखाली आरामात मावतं.

राहिलं कापड. त्यासाठी पहिला थांबा इचलकरंजी. हातकणंगल्यापर्यंत रस्ता ठीक आहे, पण हंगाम असल्यानं उसाच्या ट्रॉल्या फार. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात, ओलांडताना घाई करू नका. गावात शिरलो तसा दोन्ही बाजूंच्या शेडमधून यंत्रमागांचा खडखडाट सुरू झाला. भजी आणि चहा घेतला, दोघांचे साठ रुपये झाले.

ट्रकची छतं आणि मांडव शिवणाऱ्या आप्पांकडे मी राखाडी कापड सांगून ठेवलं होतं. मी बघितलेल्या व्हिडिओंतली सगळी ऑनिंगं राखाडीच होती. आप्पांनी तागा उलगडला. सुनंदानं त्याच्याकडे पाहिलं आणि कोपऱ्यातल्या दुसऱ्या ताग्याकडे बोट केलं. लाल-पिवळ्या पट्ट्यांचं, मांडवाचं जाड कापड.

"ते द्या," ती म्हणाली.

"अगं, ते लग्नाचं आहे."

"राखाडीखाली बसलं की आभाळ भरून आल्यागत वाटतंय. बसायचं मला हाय न्हवं?"

आप्पा माझ्याकडे बघून हसले. "वैनी बराबर बोलत्यात. ह्याच्यातनं ऊन बी कमी येतंय, आन् पानी गळू नये म्हनून औषध मारलेलं हाय."

दोन तासांत काठ, दोरी आणि दोऱ्या ओवायच्या भोकांना पितळी गोल बसवून त्यांनी छत हातात दिलं. कापड आणि शिलाई मिळून चार हजारांच्या आत काम झालं. माझी राखाडी शान तिथेच राहिली.

तिथून कुरुंदवाड वीसेक किलोमीटर. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं शेत तिथे नदीजवळ आहे. ऊस नुकताच तुटून गेलेला, त्यामुळे रान मोकळं आणि सपाट. दुपारचा मुक्काम असेल तर गाडीची ऑनिंगची बाजू पूर्वेकडे ठेवा, म्हणजे गाडीची स्वतःचीही सावली मिळते. हे मी बरोबर केलं. बाकी सगळं चुकलं. स्पिरिट लेव्हल लावून मी छत असं सपाट केलं की बुडबुडा मधोमध येऊन थांबला. पाइपांच्या बुडाशी खुंट्या दोनच ठोकल्या, त्याही सरळ खाली. ताणाच्या दोऱ्या पिशवीतच राहिल्या, कारण हवा अगदी पडली होती.

पण सावली झकास पडली होती. सुनंदानं खुर्ची टाकली, पाय पसरले आणि "हं" म्हणाली. त्या "हं"वर मी मनातल्या मनात वडगावच्या माणसाला निरोप देऊन टाकला. मग तिनं लांबवर नजर टाकली. मोकळं रान आणि पलीकडे रस्ता, दुसरं काही नव्हतं. "छान हाय," ती म्हणाली. ज्या आवाजात म्हणाली त्यावरून मला कळलं की अजून काही जमलेलं नाही.

पंधरा मिनिटांनी दुधाचे कॅन लावलेली एक मोटारसायकल रस्ता सोडून थेट आमच्याकडे आली. साठीचे एक गृहस्थ उतरले. छताच्या कडेला चपला काढल्या, आत आले आणि टोपी काढून गंभीर चेहऱ्यानं खाली मातीत बसले. मी सुनंदाकडे आणि सुनंदा माझ्याकडे बघत राहिली.

"कुनाचं काय हाय पावणं?" त्यांनी हळूच विचारलं.

"कुणाचं काही नाही. सावली केली आहे."

"म्हंजे कार्य न्हाय?"

"नाही हो."

त्यांचा चेहरा खुलला. "वाजाप न्हाय, माणसं न्हाईत, मला वाटलं कुनी गेलं बिलं का काय! मांडव दिसला आन् तसंच फुडं जायाचं, असं आमच्यात न्हाय चालत." या गृहस्थांचं नाव धोंडिरामअण्णा. उमेदीची पंचवीस वर्षं त्यांनी मांडव घालण्यात काढली होती, आता म्हशी सांभाळतात.

त्यांच्या मागोमाग रस्त्यावरून एकेक जण वाकडी वाट करून येऊ लागला. मोकळ्या रानात लाल-पिवळा मांडव मैलभरावरून दिसत असणार. पारूआक्का नावाच्या बाई पदरात वांगी घेऊन आल्या. लग्न असो की मयत, रिकाम्या हातानं कसं यायचं, म्हणून वाटेत स्वतःच्या मळ्यातनं तोडून आणली होती. दोन शेतकरी आले, शेजारच्या वस्तीवरच्या तीन बायका आल्या, एक निवृत्त तलाठी आले आणि कृषी सेवा केंद्राचा दुकानदार आला. नऊ जण झाले. प्रत्येकजण तेच विचारायचा, उत्तर ऐकून हसायचा आणि जायचं सोडून बसायचा.

मी मात्र आतून धुमसत होतो. आठ महिने खपून मी ज्या एकांतासाठी गाडी बांधली, त्यात तलाठी माझ्या खुर्चीत बसून माझ्याच पाइपांची जाडी विचारत होते. सुनंदानं अण्णांच्या कॅनमधलं दूध मागून घेतलं आणि चहा टाकला. डब्यातलं सगळं भडंग परातीत ओतलं. पारूआक्का तिला वांगी कशी भरायची ते सांगत होत्या आणि ती, जिला चाळीस वर्षं वांगी भरता येतात, "व्हय का? असं करतासा?" म्हणत होती. इतकं खुललेलं तोंड मी तिचं फार दिवसांत पाहिलं नव्हतं. खरं सांगतो, मला थोडा मत्सर वाटला.

अण्णा वर बघत होते. "पावणं, मांडव सपाट घातलाय. पाऊस आला तर पाणी जायाचं कुठनं? मधी डबकं साठून फाटंल की."

"मी लेव्हलनं लावलंय," मी म्हणालो. आवाजात नको तेवढा मास्तर होता.

चारच्या सुमारास पलीकडच्या रानातलं पाचट, म्हणजे उसाचा वाळला पाला, गोल फिरत वर चढताना दिसलं. वावटळ आहे हे मला कळेपर्यंत ती येऊन पोचलीसुद्धा. छत एकदम फुगलं, एक खुंटी माझ्या पायाजवळून उडाली आणि पाइप जमिनीवरून उचलला गेला. काठ पट्टीतून निसटायला लागला. अजून दोन क्षण गेले असते तर कापड फाटलं असतं, पट्टी उखडली असती आणि त्याबरोबर गाडीही गेली असती. वडगावला.

"धरा रं!" अण्णा ओरडले.

नऊच्या नऊ जण उठले. तलाठ्यांनी एका पाइपाला मिठी मारली, दुसऱ्याला दोघा शेतकऱ्यांनी. पारूआक्का आणि वस्तीवरच्या बायका कडेला लटकल्या. सुनंदा एका हातात चहाचं पातेलं आणि दुसऱ्या हातात कापडाचं टोक धरून उभी होती. पाचट डोळ्यांत, तोंडात, चहात, सगळीकडे गेलं. मिनिटभरात वावटळ पुढच्या रानात निघून गेली आणि सगळे एकमेकांच्या केसांतलं पाचट बघून हसायला लागले. मला एकांत हवा होता. त्या मिनिटाला नऊ माणसंसुद्धा कमी वाटली.

मग अण्णांनी मला शिकवलं आणि मी मुकाट्यानं शिकलो. खुंटी गाडीच्या विरुद्ध बाजूला डोकं कलतं ठेवून तिरकी ठोकायची. प्रत्येक पाइपाला एक नाही, दोन दोऱ्या, दोन दिशांना ताणलेल्या. एक पाइप वीतभर खाली, म्हणजे पाणी एका कोपऱ्यातून जातं. आणि वारा जास्त झाला की मर्दुमकी न दाखवता छत गुंडाळायचं. "लेव्हल घरात ठेवा पावणं," ते म्हणाले, "मांडवाला उतार लागतोय."

दिवेलागणीला सगळे पांगले. आम्ही पारूआक्कांची वांगी शिजवली आणि भाकरीबरोबर खाल्ली.

रविवारी सकाळी छत दवानं ओलं होतं. मी गुंडाळायला निघालो तसं सुनंदानं थांबवलं, ओलं गुंडाळलं की बुरशी धरते म्हणून. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. ते वाळेपर्यंत तासभर गेला आणि तेवढ्यात पारूआक्का पुन्हा येऊन बसून गेल्या. दुपारी नदीच्या घाटावर जाऊन आलो, बासुंदी घेतली आणि दिवस असेपर्यंत घरी पोचलो. वाटेत मी दोनदा विचारलं, "मग काय ठरलं?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "गाडी चालवा."

आता हिशेब मांडायचा तर नदी घाटावर ओझरती दिसली तेवढीच. एकांत पाच मिनिटं मिळाला असेल. तरीही त्या दिवसातली एकही गोष्ट बदलावी असं वाटत नाही, आणि हे मान्य करताना मला थोडी लाजही वाटते. बायको कशानं खूश होते हे मला स्पिरिट लेव्हलवर कधी दिसलं नसतं.

सोमवारी नऊ वाजता सुनंदानं मला गल्लीत, दारासमोर छत उघडायला लावलं. का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. एक पाइप वीतभर खाली ठेवला, दोऱ्या पायरीच्या कठड्याला आणि समोरच्या खांबाला बांधल्या. वडगावचा व्यापारी आला. कडेला चपला काढून आत बसला, वर बघितलं. "काय कार्यक्रम हाय वैनी?"

तिनं त्याला चहा दिला. त्यानं गाडी आतून-बाहेरून बघितली, दारं उघडून मिटली. "गाडी चांगली ठेवलीया. बोला, काय घेणार?"

मी सुनंदाकडे बघितलं.

"गाडी न्हाय द्यायची," ती म्हणाली.

"मग मला वडगावास्नं बोलवून घेतलंसा कशाला?"

"मांडव घातलाय," सुनंदा त्याच्या कपात पुन्हा चहा ओतत म्हणाली, "मग बसायला माणसं नकोत व्हय?"