पुंजणे कोणी जाळले

केशोरीकडच्या एका गावातली ती घटना अजून मनातून जात नाही. मी तेव्हा त्या भागात ठाणेदार होतो. धान कापून झाले होते आणि मळणीआधी शेतांत भाऱ्यांच्या गंजी, म्हणजे पुंजणी, रचलेल्या होत्या. एका सकाळी ठाण्यात फोन आला. एका मोठ्या शेतकऱ्याचे पुंजणे रात्रीतून जळून गेले होते. बोलणाऱ्याने स्वतःचे नाव सांगितले नाही, आग लावणारीचे मात्र सांगितले. "त्या मजुराची येडी पोरगी. तिले काड्या ओढाचा नादच आहे."

मुलगी तेरा-चौदा वर्षांची. आई नव्हती, बाप शेतमजूर. मनात आले की तिचा हात थांबत नसे. ती कुणाच्याही चुलीपुढे जाऊन बसे, चालत्या ट्रॅक्टरमागे धावे. एकदा एका अंगणात तिने काड्या ओढल्याही होत्या. वाढ मागे राहिली असावी, नागपूरला दाखवा, असे डॉक्टर म्हणाले होते. मजुरी बुडवून बापाला ते जमले नाही.

भरदिवसा, सगळ्या गावासमोर मी तिला जीपमध्ये बसवले. वर्दीतल्या माणसाने लहान मुलांना असे आणायचे नसते, हे मला माहीत होते. महिला शिपाई सोबत आहे, एवढ्यावर मी समाधान मानले. बापही सोबत आला.

ठाण्यात मी दरडावून विचारले, "पुंजणं तू जाळलंस?"

"हो," ती म्हणाली.

मी जबाब लिहून घ्यायला सांगणार, तोच बाप म्हणाला, "थांबा साहेब, मी इचारतो." तो तिच्याकडे वळला. त्यानेही आवाज चढवला. "माय, चोरखमाऱ्याच्या तलावाचं सारं पानी तूच पेली का?"

"हो."

"अन् साहेबाची टोपी कोनं खाल्ली?"

"मी."

हवालदाराला हसू आवरेना. बाप हसला नाही. "रागानं इचारलं का ते हो म्हनते साहेब. तिले वाटते मार चुकते. काडेपेटी तं माझ्या कमरेले राहते, झोपतानी बी. मीच तिले राखून राहिलो, तुमी काऊन माझं आयकत नाही?"

दुपारी मी पुन्हा जागेवर गेलो. सकाळचा पंचनामा घाईत उरकला होता. थोड्या अंतरावर, वारा येतो त्या बाजूला बांधाआड वेगळी थोडीशी राख सापडली. तिच्यात तुरीच्या भाजलेल्या शेंगांची टरफले होती. त्या रात्री राखणीला शेतकऱ्याचा पुतण्या होता. त्याला बोलावून ती टरफले टेबलावर ठेवली. तो रडू लागला. शेंगा भाजून, निखारे तसेच टाकून तो घरी झोपायला गेला होता.

शेतकरी तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षांना घेऊन आला. "घरचाच निघाला न साहेब. आता कायले बोभाटा करता? पोराचं लगन जमून राहिलं."

मी त्यांचे ऐकले. आगीचे कारण अज्ञात, असे लिहून प्रकरण मिटवले आणि बापलेकीला बसने घरी पाठवले. जाताना बाप एवढेच म्हणाला, "एकडाव गावात येऊन सांगा साहेब, का हिनं नाही केलं. तुमचं आयकतीन."

येतो म्हणालो. मग बंदोबस्त लागला, मग बदली झाली. मी गेलो नाही.

निवृत्तीनंतर एका लग्नासाठी तिकडे गेलो, तेव्हा त्यांच्या घरी गेलो. मुलगी मोठी झाली होती. तिचा पाय खाटेला दोराने बांधलेला होता. त्या आगीनंतर तिला कोणी अंगणात उभे केले नाही. बाप कामावर गेला की तिच्याकडे लक्ष ठेवणाऱ्या शेजारणींनीही दार लावून घेतले. मी म्हणालो, "आज सांगतो गावाला."

"आता कोनाले सांगता?" बाप म्हणाला. "तवाचे म्हातारे गेले. पोरं तिले आगलावी म्हनतात. त्याइले वाटते, तिचं नावच हे आहे. तिलेबी तसंच वाटते."

बाहेरून एका पोराने त्याच नावाने हाक मारली. ती खुशीत उठली आणि दोर ताणला गेला.

संशय फिटला की आपले काम संपले, असे मी नोकरीभर समजत आलो. ज्या जीपने तिला नेले, त्याच जीपने, त्याच लोकांसमोर तिला परत आणून सोडायला हवे होते. दहा मिनिटांचे काम होते. बाप आता थकला आहे. त्याच्यामागे तिचे कोण करील, हे त्याने मला विचारले नाही आणि मलाही विचारायचा धीर झाला नाही.

ते पुंजणे त्या मुलीने जाळले नव्हते. मला ते त्याच दिवशी कळले होते.