बेंबी असलेला ग्लास

बाय कपाटातून ग्लास काढायची, नखाने टिचकी मारायची आणि माझ्या कानाशी धरायची. "आयक रे झिला, गाता मां?" माझी सत्तरी उलटली, तरी मी तिला झिला, म्हणजे पोरगाच.

देवबागेत आमच्या कुंपणाला लागून तिचे घर. मी सुतार. तिच्या कपाटाची दारे माझ्याच हातची. आत तिच्या आजीच्या लग्नात गोव्याहून आलेले वाइनचे ग्लास. नाताळाशिवाय त्यांना ओठ लागत नसे.

ते कसे बनवले हे ती सांगायची. लोखंडी नळीच्या टोकाला तापल्या काचेचा गोळा. माणसाने फुंकले की वाटी फुगायची. दांड्याच्या काचेला टोचे मारायचे, वर पुन्हा काच चढवून वारा आत कोंडायचा. मग ओढत पीळ द्यायचा, आपण सुंभ वळतो तसा. त्या वाऱ्याचे चंदेरी दोरे दांड्यात अजून दिसतात. शेवटी बुडाला चिकटवून धरलेल्या सळईवरून ग्लास तोडला की खडबडीत वण राहायचा. तिथे ती माझा अंगठा टेकवायची.

"ही बेंबी. बेंबी नाय तो मशिनीचो."

"बाय, बेंबी माका पण आसा."

"मगे तू पण हातानच केलेलो! म्हणान असो वाकडो."

कुंपणापलीकडे माझी बायको पोट धरून हसायची.

ती हसणारी शिमग्यानंतर गेली. मला रडू आले नाही. घासही उतरेना. कोणी ताट आणले की मी सरकवायचो.

मग बाय आली. त्या ग्लासात पेज घेऊन.

"धर. हातातसून पडलो तर माझ्या आजयेचो जीव जातलो."

दोन्ही हातांनी धरला. खाली ठेवायची छाती होईना. पिऊन टाकली. मग रोज तसेच. ग्लास धुताना ती काठावर बोट दाबून ठेवायची. म्हणायची, "दुखाच्या घरात गाणा नको."

पावसात बायही गेली. देवळात, म्हणजे तिच्या चर्चात, मी पोरासारखा हुंदके देऊन रडलो. मेहुणा कानाशी आला. "भावजी, माझ्या भयणीक एक टिपूस नाय, आणि हंय?"

 तेव्हापासून बायकोच्या फोटोसमोर मान वर होत नाही.

बायच्या लेकीने बाकीचे ग्लास गोव्याला नेले, एक मला दिला. "आवयन सांगल्यान." मी त्यातच पेज पितो, दोन्ही हातांनी.

काल टिचकी मारायला नख नेले. समोर फोटो. काठावर बोट दाबून धरले, मगच मारली.